शब्द चालवणे : एका अर्जाच्या प्रकल्प नोंदी (मार्च ते मे २०२१)

१० मार्च २०२१, बुधवार

गूगल समर ऑफ कोडमध्ये या वर्षी सहभागी होणाऱ्या संस्थांची यादी काल रात्री जाहीर झाली आणि तीत अपर्टियमचे नाव आहे, हे आज सकाळी पाहिले. त्यामुळे गेल्या महिनाभर नुसता मनात असलेला विचार कागदावर आणायला हरकत नाही. २००५ पासून चालत आलेल्या या उपक्रमात विद्यार्थ्याने एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेला कामाचा प्रस्ताव द्यायचा असतो. तो स्वीकारला गेला तर उन्हाळाभर त्या संस्थेतील मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करायचे आणि मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यास विद्यावेतन मिळते. यंदा नियम बदलले असून एकूण काम ३५० तासांऐवजी १७५ तासांचे आणि दहा आठवड्यांचे आहे. प्रस्ताव २९ मार्च ते १३ एप्रिल या काळात द्यायचे असून एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त तीन देता येतात. मी एकच देणार आहे.

अपर्टियम ही नियमांवर चालणारी यंत्रभाषांतराची व्यवस्था आहे. ती स्पेनमधील आलिकांत विद्यापीठात स्पॅनिश आणि कातालान यांसारख्या जवळच्या भाषांसाठी आकाराला आली. विकिपीडियावरील लेख एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याच्या साधनातही ती वापरली जाते. हजारो वाक्यांच्या जोड्या पुरवून यंत्राला शिकवण्याची पद्धत येथे नाही. शब्दकोश आणि व्याकरणाचे नियम माणसाने लिहायचे आणि यंत्राने ते जसेच्या तसे पाळायचे, असा हा मामला आहे. मराठी आणि हिंदी या जवळच्या भाषा आहेत, आणि उर्दू-हिंदी जोडीच्या निमित्ताने हिंदीचा कोश या संस्थेकडे आधीच तयार आहे. मराठी-हिंदी जोडीचा प्रस्ताव द्यावा, असे ठरवले आहे. महाविद्यालय पुण्यात असले तरी वर्ग ऑनलाइन असल्याने मी रत्नागिरीला घरीच आहे. काम रात्रीच होईल.

१३ मार्च, शनिवार

साधने संगणकावर बसवण्यात दोन दिवस गेले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

कोशाची रचना मात्र पाहताक्षणी ओळखीची वाटली. प्रत्येक नामाची सगळी रूपे वेगवेगळी लिहायची नसतात. एक नमुना-शब्द घेऊन त्याची रूपावली एकदाच लिहायची आणि इतर शब्दांपुढे ‘हा त्या शब्दासारखा चालतो’ एवढेच नोंदवायचे. शाळेत संस्कृतच्या तासाला ‘देव शब्द चालवा’ असे सांगत, ते हेच. घोडा चालवला की आंबा, राजा, दोरा, ओढा हे आपोआप त्याच्यामागे चालू लागतील, अशा समजुतीने मी एका बैठकीत सहा रूपावल्या लिहिल्या आणि शे-दीडशे नामे त्यांना जोडून टाकली.

रात्री साडेअकराला पहिला शब्द यंत्राला विचारला : घोड्याला. उत्तर बरोबर आले : घोडा, नाम, पुल्लिंग, एकवचन, सामान्यरूप, त्याला जोडून ‘ला’. दुसरा शब्द विचारला : राजाला. यंत्राने तो ओळखला नाही, कारण माझ्या कोशाप्रमाणे राजाचे सामान्यरूप ‘राज्या’ होते. राजाला राज्यावर बसवण्याचा हा प्रकार हास्यास्पद असला तरी चूक यंत्राची नव्हती.

१६ मार्च, मंगळवार

रूपावल्यांची यादी घेऊन आत्याकडे गेले. आत्या गेली पंचवीस वर्षे छापखान्यासाठी मुद्रिते तपासते आणि टाळेबंदीपासून ते काम घरी मागवते. संगणकात काय चालले आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पण ‘दरवाजा’ हा शब्द मी घोड्याच्या मागे बांधला आहे हे दिसताच तिने लाल पेन उचलले. पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी ‘जा’ असेल तर सामान्यरूप ‘ज्या’ होत नाही, दरवाजाला आणि मोजाला असेच लिहायचे. शेवटी ‘सा’ असेल तर त्याचा ‘शा’ होतो, म्हणून सशाला, घशाला, पैशाला. महाराष्ट्र साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर तिला क्रमांकासह पाठ आहे. तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून मी दोन तासांत जे लिहून घेतले, ते मला एरवी आठवडाभरात सापडले नसते.

यातले बरेचसे नियमात बसते, आणि जे नियमात बसते ते यंत्राला सांगणे सोपे आहे. फूल-फुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला यांत उपान्त्य दीर्घ स्वर ह्रस्व होतो. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधल्या ई-ऊचा अ होतो, म्हणून लाकूड-लाकडाला आणि बेरीज-बेरजेला. मधले अक्षर क किंवा प यांचे द्वित्व असेल तर ते सामान्यरूपात गळते, त्यामुळे चप्पल-चपलेला, छप्पर-छपराला, रक्कम-रकमेला. गंमत आणि किंमत यांचा अनुस्वारही असाच जातो.

अडचण पुढे आहे. ‘गीत’चे ‘गिताला’ होत नाही, ‘शरीर’चे ‘शरिराला’ होत नाही, कारण ते तत्सम शब्द आहेत. पण एखादा शब्द तत्सम आहे की नाही, हे त्याच्या अक्षरांकडे पाहून यंत्राला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. अकारान्त स्त्रीलिंगी नामांचे तर काही विचारू नये. वाट-वाटेला, पण भिंत-भिंतीला; वीट-विटेला, पण विहीर-विहिरीला. हे कशावरून ठरते, असे मी आत्याला विचारले, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली की हे कानावरून ठरते. कानाची रूपावली लिहिता येत नाही. म्हणजे अशा प्रत्येक नामापुढे ‘हे वाटेसारखे’ किंवा ‘हे भिंतीसारखे’ अशी नोंद माणसानेच करायची. प्रस्तावातील तासांचा हिशेब करताना हे विसरून चालणार नाही.

विशेषनामांचा प्रश्न निघाला तेव्हा तिने एकच उदाहरण दिले. देव असेल तर ‘गणेशाला’ नैवेद्य दाखवतात, आणि शेजारचा मुलगा असेल तर ‘गणेशला’ हाक मारतात. या शब्दासमोर मी प्रश्नचिन्ह घालून तो तसाच ठेवला आहे.

२० मार्च, शनिवार

संस्थेच्या आयआरसी वाहिनीवर, म्हणजे लेखी गप्पांच्या सामायिक जागेवर, पहिल्यांदा बोलले. तिथले लोक युरोप आणि अमेरिकेतले असल्याने आपल्याकडे रात्रीचे दहा वाजल्यानंतरच हालचाल दिसते. ‘एक प्रश्न विचारू का’ असे विचारून मी वीस मिनिटे उत्तराची वाट पाहिली, तेव्हा कोणीतरी सौम्यपणे सांगितले की परवानगी न मागता सरळ प्रश्न विचारावा. आपल्याकडे मोठ्या माणसांशी बोलताना आधी अंगण झाडावे लागते. इथे ती सवय आडवी येते.

मार्गदर्शकांपैकी एकांनी विचारले की कोशाची व्याप्ती किती आहे. व्याप्ती म्हणजे खऱ्याखुऱ्या मजकुरातील किती टक्के शब्दांचे निदान एक तरी विश्लेषण यंत्र देऊ शकते, ते प्रमाण. मी मराठी विकिपीडियाचा मजकूर उतरवून घेतला, मोजले आणि आकडा आला ६८. चारशे नामे, थोडी सर्वनामे आणि अव्यये एवढ्या भांडवलावर ६८ टक्के मजकूर ओळखला जातो, याचा मला आनंदच झाला, आणि तो आकडा मी लगेच वाहिनीवर सांगितला.

त्यांनी शंका घेतली नाही, अभिनंदनही केले नाही. न ओळखलेल्या शब्दांपैकी सर्वाधिक वेळा आलेले पन्नास शब्द पाठव, एवढेच म्हणाले.

ती यादी काढली आणि माझा चेहरा उतरला. यादीत शब्द नव्हतेच. ह, र, त, प, ल अशी सुटी अक्षरे होती. कोशाच्या सुरुवातीला त्या भाषेची वर्णमाला द्यावी लागते, आणि मी शाळेतल्या तक्त्याप्रमाणे अ ते ज्ञ लिहून मोकळी झाले होते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे आहेत. ती वर्णमालेत नसल्यामुळे यंत्र त्यांना विरामचिन्हे समजत होते आणि तिथे शब्द तोडत होते. ‘विहिरी’ या शब्दाचे तुकडे होऊन पहिला ‘व’ सुटा पडत होता, आणि ‘व’ हे उभयान्वयी अव्यय कोशात असल्याने तो ओळखलेल्या शब्दांत मोजला जात होता. ‘घरी’मधले ‘घर’ ओळखले जात होते आणि वेलांटी हवेत सुटत होती. ६८ टक्क्यांमधला मोठा भाग अशा मोडक्या तुकड्यांचा होता.

चिन्हे वर्णमालेत घालून पुन्हा मोजले. २३ टक्के. हा आकडा वाहिनीवर सांगायला मला अर्धा तास लागला. पलीकडून उत्तर आले की आता हा आकडा उपयोगाचा आहे.

२२ मार्च, सोमवार

खरी यादी हाती आल्यावर तिच्यातही एक भूत निघाले. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोशात होता, तरीही न ओळखलेल्या शब्दांत तो वरच्या क्रमांकावर दिसत होता. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. शेवटी प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. अर्धा ऱ लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत यू+०९३१ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडणारे चिन्ह, यू+२००डी, येते. हे अदृश्य चिन्ह माझ्या वर्णमालेत नव्हते, म्हणून दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला प्रत्येक ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्या’, ‘वाऱ्या’ मधोमध तुटत होता. युनिकोडच्या ठरीव सामान्यीकरणानेही हे दोन एक होत नाहीत.

हिंदीत या अक्षराची गरज पडत नाही, म्हणून हिंदीचा कोश पाहून हे कळण्याची शक्यता नव्हती. मराठीत मात्र आचार्यांना जेवायला बोलावणे आणि आचाऱ्यांना जेवण करायला बोलावणे यांत फरक आहे, आणि दर्या पोहून जाणे व दऱ्या उतरून जाणे यांतही आहे. म्हणून सगळ्यांचा सरसकट रफार करून टाकण्याचा सोपा उपाय बाद ठरला. उपाय असा केला की अदृश्य चिन्ह वर्णमालेत घातले आणि अशा प्रत्येक रूपाची दुसरी नोंद ‘फक्त वाचताना’ अशी मर्यादा लावून ठेवली. यंत्र दोन्ही रूपे वाचेल आणि लिहिताना एकच लिहील. वाहिनीवर हे समजावून सांगायला बराच वेळ लागला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची चित्रे शेजारी ठेवल्यावर पटले.

२७ मार्च, शनिवार

हा आठवडा प्रत्ययांत गेला. हिंदीत ‘घर में’, ‘घर के सामने’ हे शब्द सुटे राहतात. मराठीत ते सामान्यरूपाला चिकटतात, आणि एकदा चिकटले की थांबतीलच असे नाही. ‘दुकानातल्यांनासुद्धा’ या एका शब्दात दुकान, त, ल, त्याचे सामान्यरूप, ना आणि सुद्धा इतके सगळे आहे. अशी साखळी लिहिण्यासाठी प्रत्ययांची रूपावली स्वतःकडेच परत वळवली आणि व्याप्ती एका रात्रीत ३१ वर गेली. ६८ च्या अनुभवानंतर अशा उडीवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकले असल्यामुळे मी शंभर शब्द हाताने तपासले.

तपासताना ‘बसला’ सापडला. ‘तो खुर्चीवर बसला’ यातील क्रियापद यंत्राने ‘बस’ या वाहनाची चतुर्थी म्हणूनही ओळखले होते. ही चूक म्हणता येणार नाही, कारण ‘मी साडेसातच्या बसला जाते’ हेही मराठीच आहे. आणि त्याच वाक्यातले ‘जाते’ दळण्याचे जाते असू शकते, ‘खाते’ बँकेतले असू शकते. अशा वेळी आजूबाजूचे शब्द पाहून एक अर्थ निवडण्यासाठी वेगळे नियम लिहावे लागतात, आणि ते काम कोशाइतकेच मोठे आहे. इंग्रजीतून आलेले शब्द आणखी एक खोडी करतात : ‘ऑफिसला’ म्हणताना सामान्यरूप होत नाही आणि ‘ऑफिसात’ म्हणताना होते.

२९ मार्च, सोमवार

आज धुळवड. अर्ज स्वीकारायला सुरुवात झाली.

संस्थेच्या साच्यात ठराविक प्रश्न आहेत : यंत्रभाषांतरात रस का, अपर्टियममध्ये रस का, कोणते काम घेणार, त्यासाठी गूगलने आणि संस्थेने पाठबळ का द्यावे, समाजात त्याचा कोणाला उपयोग, आठवड्यांनुसार आराखडा, अंगी असलेली कौशल्ये, आणि उन्हाळ्यात या कामाशिवाय दुसरे काय बेत आहेत. समाजाच्या उपयोगाच्या प्रश्नावर मी पहिल्या झपाट्यात दीड पान भरले आणि दुसऱ्या वाचनात ते चार ओळींवर आणले. मराठी भाषेची थोरवी सांगून तेथे कोणाला काही ठरवता येणार नाही. हिंदीत उपलब्ध आणि मराठीत नसलेल्या लेखांची पहिली कच्ची प्रत भाषांतरकाराच्या हाती पडेल, इतके पुरे आहे.

आराखडा लिहायला मात्र अडचण वाटली नाही. पहिला आठवडा नाम, दुसरा सर्वनाम, तिसरा विशेषण, चौथा आणि पाचवा क्रियापद, याप्रमाणे दहा आठवडे सहज भरले.

१ एप्रिल, गुरुवार

विद्यार्थी असल्याचा पुरावा जोडावा लागतो. महाविद्यालयाचे कार्यालय बंद असून बोनाफाईड प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष यावे लागेल, असे दूरध्वनीवर सांगण्यात आले. रत्नागिरीहून पुण्याला या दिवसांत एका शिक्क्यासाठी जाणे शक्य नाही. तीन दिवसांच्या पत्रव्यवहारानंतर वर्गशिक्षिकांनी स्वतः लक्ष घालून सही-शिक्क्याची प्रत मेलवर पाठवली.

५ एप्रिल, सोमवार

मसुद्यावर अभिप्राय आला. एकाच प्रश्नाने आराखडा कोसळला : हा क्रम कशावरून ठरवला?

खरे उत्तर असे होते की शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातील प्रकरणांचा तो क्रम होता. त्या क्रमाने माणसाला शिकवता येते, पण मजकूर त्या क्रमाने येत नाही. विकिपीडियाच्या मजकुरातील शब्द वारंवारतेनुसार लावले तर वरच्या दोनशेंत आहे, आणि, या, हे, होते, केले, तर, पण, मध्ये यांचीच गर्दी असते, आणि ‘असणे’, ‘होणे’, ‘करणे’ या तीन धातूंची रूपे मोजू लागले तर नामांच्या कितीतरी रूपावल्या त्यांच्यापुढे फिक्या पडतात. मी क्रियापदांना चौथ्या आठवड्यात ढकलले होते, म्हणजे जूनअखेरपर्यंत यंत्राला ‘आहे’ कळलेच नसते.

नवा आराखडा वारंवारतेवर बेतला. १७५ तास भागिले दहा म्हणजे आठवड्याला साडेसतरा तास. एका नामाची रूपावली ठरवून नोंद करायला मला सरासरी दीड मिनिट लागते आणि तत्सम की तद्भव अशी शंका आली तर पाच मिनिटे, हे मी गेल्या तीन आठवड्यांच्या नोंदींवरून काढले. त्या हिशेबाने ‘दहा हजार नामे’ हे पहिल्या मसुद्यातले वाक्य खोडून ‘तीन हजार’ केले. खोडताना हात जड झाला हे खरे, पण दहा हजाराला दीड मिनिटाने गुणले तर एकट्या नामांवरच अडीचशे तास होतात, हे कोणीही पाहू शकले असते.

परीक्षांच्या वेळापत्रकाची अजून घोषणा नाही. ‘दुसरे बेत’ या प्रश्नाखाली तसेच लिहिले आणि परीक्षेच्या दोन आठवड्यांचे तास आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत वाटून दाखवले.

९ एप्रिल, शुक्रवार

कसोटी म्हणून एक लहान उतारा हिंदीत नेऊन दाखवायचा होता. ‘मुलाने विहिरीतले पाणी काढले’ या वाक्याचे पहिले भाषांतर ‘लड़के ने कुएँ में का पानी निकाला’ असे आले. माझ्या मराठी नियमांनी ‘विहिरीतले’ची प्रामाणिकपणे फोड केली होती आणि हिंदीने ती तितक्याच प्रामाणिकपणे जुळवली होती. हिंदी माणूस ‘कुएँ का पानी’ म्हणतो. त, ल हे दोन प्रत्यय एकापाठोपाठ आले तर हिंदीत एकच ‘का’ ठेवावा, असा नियम लिहिला. वाक्यातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप नीट झाल्या, याचे मला अजून आश्चर्य वाटते : विहीर स्त्रीलिंगी आणि कुआँ पुल्लिंगी, पाणी नपुंसकलिंगी आणि पानी पुल्लिंगी, त्यामुळे ‘काढले’चे ‘निकाला’ व्हायला हवे, आणि ते झाले.

जे आपोआप झाले नाही ते ‘मी आंबा खाल्ला’. मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, पण क्रियापद आंब्याप्रमाणेच चालते. हिंदीला ‘मैंने’ हवे. म्हणजे मराठी वाक्यात न दिसणारा प्रत्यय हिंदीत निर्माण करायचा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंचे हिंदीत ‘हम’ होते, ते तुलनेने सोपे गेले.

दोनशे शब्दांच्या उताऱ्यात शंभरामागे ५४ शब्द हाताने दुरुस्त करावे लागले. हाच आकडा प्रस्तावात घातला आहे, आणि चुकांची वर्गवारीही दिली आहे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चुका केवळ द्विभाषी कोशात शब्द नसल्यामुळे होत्या.

१३ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. मुदत १८:०० यूटीसी, म्हणजे आपल्या रात्रीच्या साडेअकराला संपत होती. सकाळी गुढी उभारली, दुपारी आत्याने प्रस्तावातील मराठी उदाहरणे वाचली आणि माझ्याच लिखाणातील दोन ह्रस्व-दीर्घ चुका दाखवल्या. संध्याकाळी उद्यापासूनच्या निर्बंधांची घोषणा झाली, आणि घरात किराण्याची यादी करण्याची धावपळ सुरू झाली. पीडीएफ रात्री नऊला चढवली. चढवल्यानंतर उघडून पाहिली, तेव्हा ‘ऱ्या’ची सगळी रूपे चौकोन होऊन बसली होती. टंक पीडीएफमध्ये अंतर्भूत केलेला नव्हता. मुदतीपूर्वी प्रत बदलता येते, म्हणून सव्वादहाला दुरुस्त प्रत दिली.

३० एप्रिल, शुक्रवार

घरात दोघे आजारी. कोशात नवीन काही नाही.

१८ मे, मंगळवार

परवा तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून पुढे गेले. आमच्या भागातील वीज रविवारी दुपारी गेली ती आज संध्याकाळी आली. काल रात्री साडेअकराला निकाल लागणार होता, त्या वेळी आम्ही मेणबत्तीच्या उजेडात छपराचे उडालेले पत्रे मोजत होतो. आंब्याचे काय झाले ते येथे लिहीत नाही. फोन आज सायंकाळी सात वाजता चार्ज झाला आणि मेल उघडली. प्रस्ताव स्वीकारला गेलेला नाही. मेल नेहमीच्या छापाची आहे.

सामान्यरूपात द्वित्व गळते म्हणून ‘छप्पर’ हा शब्द दोन महिने डोळ्यांपुढे होता, हे काल पत्रे गोळा करताना आठवले.

२१ मे, शुक्रवार

वाहिनीवर गेले आणि निकालाची कारणे विचारली. उत्तर सविस्तर मिळाले. गूगल प्रत्येक संस्थेला मोजक्याच जागा देते, आणि १७५ तासांत मराठीचे विश्लेषण, अर्थनिवड, द्विभाषी कोश आणि हिंदीकडे जाण्याचे नियम हे सगळे पुरे होणार नाही, असे परीक्षकांचे मत पडले. मराठीचा विश्लेषक एवढाच प्रस्ताव असता तर तो अधिक बळकट ठरला असता, असे ते म्हणाले. मला हे मान्य आहे. नामांचे तास मी दीड मिनिटाने गुणून काढले होते. हिंदीकडे जाण्याच्या नियमांचे तास अंदाजाने लिहिले होते, आणि मसुदा वाचणाऱ्याला हा फरक दिसणारच. ५४ चा आकडा मात्र त्यांना आवडला होता, कारण त्याच्याखाली चुकांची यादी होती.

बोलणे निम्म्यावर असताना वाहिनीवर दुसराच विषय निघाला. ही वाहिनी ज्या आयआरसी जाळ्यावर चालते त्या फ्रीनोडच्या कर्मचाऱ्यांनी परवा एकगठ्ठा राजीनामे दिले असून अनेक प्रकल्प आपल्या वाहिन्या दुसरीकडे हलवत आहेत, आपण कुठे जायचे, यावर तासभर चर्चा झाली. माझा प्रश्न त्या गर्दीत वर सरकून गेला.

रात्री कोशाचे दोन भाग केले. हिंदीचे नियम वेगळ्या फोल्डरात बांधून ठेवले आणि मराठीचा विश्लेषक एकटा पुन्हा चालवून पाहिला : व्याप्ती ४४ टक्के, वर्णमाला पूर्ण, हाताने तपासलेल्या शंभर शब्दांत सहा चुका. त्या सहांपैकी तीन ‘बसला’च्या जातीच्या आहेत. आत्याने स्त्रीलिंगी अकारान्त नामांची वहीभर यादी करून दिली आहे, डावीकडे ‘वाटेसारखी’ आणि उजवीकडे ‘भिंतीसारखी’. ती उद्यापासून कोशात घालायची आहे. ‘गणेश’ अजून प्रश्नचिन्हासमोरच आहे.